धो धो पावसात पोरांना शाळेत पाठवायचं का?

मनीषनगरची आई
परवा पावणेसहाला उठले तर बाहेर धो धो पाऊस. शाळेच्या ग्रुपवर काहीच नाही. मुलगी दुसरीत आहे. ‘शंभर टक्के हजेरी’च्या प्रमाणपत्रासाठी जूनपासून एकही खाडा केलेला नाही, त्यामुळे घरी राहायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी. शेवटी रेनकोट चढवले आणि अ‍ॅक्टिव्हा काढली. नागपुरातल्या नरेंद्रनगरच्या अंडरपासमध्ये पाणी होतं. पुढची एक गाडी निघाली म्हणून मीही घातली आणि ऐन मध्यात गाडी बंद पडली. पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत. मुलगी पुढे उभी होती. तिला उतरवलं असतं तर कमरेपर्यंत बुडाली असती. दोन अनोळखी पोरांनी गाडी ढकलून बाहेर काढली, त्यांचे आभार मानायचंही सुचलं नाही. सव्वासातला शाळेच्या फाटकाशी पोचलो आणि तिथे मोबाइलवर सुट्टीचा मेसेज आला.

दोन दिवस झाले, झोप लागत नाही. माझं मत पक्कं झालंय: हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट, म्हणजे जोरदार पावसाचा इशारा, असला की मूल घरी. तुम्ही काय करता?

जुना महालकर
ताई, तुमच्यावर जे गुदरलं ते वाईटच. पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही. आम्ही महाल भागातून डोक्यावर पोतं घेऊन शाळेत जायचो, भिजायचो, मास्तर पंख्याखाली बसवायचे. जुलै-ऑगस्टमध्ये अलर्टवर सुट्टी द्यायची तर शाळा दिवाळीनंतरच भरेल. इशारा असतो अख्ख्या जिल्ह्याला. पाऊस पडतो रामटेकला आणि नागपुरात पोरं घरी बसून मोबाइल खेळतात. पावसाला भिणारी पिढी तयार करू नका.

ढगांकडे बघणारा
दोघांनाही एक गोष्ट सांगतो, कारण ती फार कमी पालकांना माहीत असते. हवामान खात्याचा ‘दिवस’ सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. मंगळवारचा इशारा म्हणजे मंगळवार साडेआठ ते बुधवार साडेआठ. त्यामुळे बुधवारच्या सकाळच्या शाळेसाठी मंगळवारचाच इशारा बघायला हवा, आणि आपण बघतो बुधवारचा. दुसरं म्हणजे आकडे. २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर ‘जोरदार’, ११५.६ च्या वर ‘अति जोरदार’, २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’. पण हेच ११५ मिमी दिवसभर रिमझिमत पडले तर शहर जिरवतं, तीन तासांत पडले तर नाग नदी रस्त्यावर येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तेच झालं. अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोक झोपेत असताना घरात पाणी शिरलं. इशाऱ्याच्या रंगापेक्षा पाऊस किती वेळात पडतोय ते बघा.

टोरांटोतला धरमपेठकर
महालकर काका, ‘पोरं कणखर हवीत’ हे मीही मानतो. माझा मुलगा उणे पंधरात शाळेत जातो. इथे बर्फाचं वादळ आलं की स्कूलबस रद्द होतात, पण शाळा बहुतेक वेळा उघडीच राहते. जवळ राहणारे चालत जातात, बाकीच्यांना घरी ठेवायची मुभा असते. पण हे जमतं कशामुळे? पहाटेच रस्त्यावरून बर्फ ओढणारी गाडी फिरून गेलेली असते, मीठ टाकलेलं असतं, बसचा निरोप पोरं घराबाहेर पडायच्या आत आलेला असतो. शेजारच्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. मुलाच्या अंगी धीर आहेच, पण त्याच्या पायाखालचा रस्ता आधी कोणीतरी तयार केलेला असतो. नागपुरात रस्ता तयार नसतो आणि धीर मात्र सात वर्षांच्या पोरीकडून मागतो आपण.

बेसा रूटवाला
मी शाळेची व्हॅन चालवतो जी, बारा वर्षं झाली. सकाळचं तुम्ही बोलता, पण भ्या वाटते ते परत येताना. ६ जुलै २०१८ आठवते का? पावसाळी अधिवेशन नागपुरात होतं, विधानभवनाची लाइट गेली तो दिवस. सकाळी पोट्टे सोडले, दुपारी आणाले निघालो तर रस्ताच दिसत नव्हता. सात लेकरं गाडीत घेऊन मी एका पुलाच्या अलीकडे दोन तास उभा होतो. पालक फोनवर फोन, ‘काहून थांबले, काढा न गाडी’. मी नाही काढली. वाहतं पाणी नुसतं वीतभर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलते, फूटभरात लहान कार तरंगते. व्हॅनवाल्या काकाले घाई करू नका, एवढंच सांगणं आहे.

रात्रपाळी
सगळे सुट्टी मागताहेत म्हणून लिहिते. मी परिचारिका आहे. पूर आला की मला सुट्टी नसते, उलट थांबावं लागतं. सकाळी सातला शाळा बंद झाल्याचं कळलं की माझा नऊ वर्षांचा मुलगा घरात एकटा, बाहेरून कुलूप. कुलपातलं मूल सुरक्षित आहे असं समजणाऱ्यांनी २०२३ आठवावं. तेव्हा पाणी घरातच शिरलं होतं. माझ्या मुलासाठी दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग आणि सोबत बाई असणं हेच जास्त सुरक्षित. शाळा उघडी ठेवा, ज्यांना जमत नाही त्यांना घरी राहू द्या. टोरांटोत तेच करतात ना?

जुना महालकर
रात्रपाळी ताई, हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. टोरांटोकरांचंही रस्त्याबद्दल बरोबर आहे. आमच्या वेळी महालात शाळा दहा मिनिटांवर होती, वाटेत अंडरपास नव्हता. तरीही सांगतो, सरसकट सुट्टीला माझा विरोध कायम. दरवेळी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाकडे डोळे लावून का बसायचं? मनीषनगरची पोरगी घरी राहिली आणि शाळेशेजारची गेली, तर बिघडलं कुठे?

मनीषनगरची आई
बिघडतं ते हजेरीच्या प्रमाणपत्रात, काका. पोरगी त्याच्यासाठीच रडली आणि मी तिच्या रडण्यापुढे नमले. रात्रपाळी ताई, ‘ऑरेंज म्हणजे घरी’ हे माझं वाक्य मी तुमच्यामुळे मागे घेते. शनिवारी पालकसभा आहे. दोन गोष्टी लेखी देणार आहे: शाळा भरणार की नाही हे पहाटे साडेपाचच्या आत कळवा, आणि जोरदार पावसाच्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलाचा खाडा धरू नका. सह्या हव्या आहेत. आणि व्हॅनवाले भाऊ, पुलाअलीकडे थांबलात त्या दिवशीच्या सात आयांच्या वतीने नमस्कार.

बेसा रूटवाला
तिसरी गोष्टही लिहा ताई. दुपारी पाऊस वाढला तर शाळेनं पोट्टे फाटकाबाहेर काढू नये. आम्ही येतपर्यंत आत बसू द्यावं, रात्र झाली तरी.