आधी नळ की आधी नाटक?

गंगावेसकर: काल रंकाळाकाठी यांनी लिहिलं, युद्धात बेचिराख झालेल्या शहराला आधी पाणी, वीज, घरं द्या, जुने चौक न् थिएटरं हे नंतरचे चोचले. वाचून डोकंच उठलं. १९४४ च्या नाझींविरुद्धच्या उठावानंतर पोलंडच्या राजधानीचं, वॉर्साचं, जुनं शहर नुसता विटांचा ढीग होतं. १८व्या शतकातली बेलोट्टोची चित्रं आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी काढलेले नकाशे समोर ठेवून पोलिश लोकांनी ते परत उभं केलं. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याच्या निर्वासित छावणीत हजारो पोलिश राहून गेले, त्या कोल्हापुरात हे सांगावं लागतंय?

रंकाळाकाठी: वळिवडं मध्ये आणलं की संपला वाद! पोलंडमधल्याच व्रोत्सवाफ शहरातल्या इमारती पाडून विटा वॉर्साला नेल्या, ते का गाळलंत? आणि वॉर्साचा राजवाडा परत बांधायला हात लागायला १९७१ उजाडलं. तोवर लोक मेले नाहीत.

मंगळवारपेठी: दोघंही दर्शनी भिंतीच बघताय. लेबनॉनचं बैरूत बघा. १९७५ ते १९९० यादवी, मग शहराचा मध्यभाग परत बांधायला सोलिडेर ही खासगी कंपनी आली. मालकांना जागेऐवजी शेअर, जुने बाजार गायब, महागडी दुकानं हजर. आमचंही तेच झालं. वडिलांचं महाद्वार रोडला बांगड्यांचं दुकान, पागडीचं. इमारत पाडताना मालक म्हणाले, नव्यात गाळा देतो. दिला, तिसऱ्या मजल्यावर! काकणं भरायला बायका जिने चढतात व्हय?

वाडेवाला: आला भाडेकरूंचा कैवार! शंभर रुपये भाड्यात तीन पिढ्या बसायचं, वर कौलं आम्ही शाकारायची. गाळा दिला हे उपकार समजा.

मंगळवारपेठी: उपकार? पागडी कुणाच्या खिशात गेली, मर्दा?

गंगावेसकर: अहो, विषय काय! ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा निम्मं गाव रडलं. पाण्याच्या टाकीसाठी कोण रडतंय?

रंकाळाकाठी: मीही रडलो. पण २०१९ च्या पुरात नळ बंद पडले, तेव्हा घागर घेऊन टँकरमागं पळालोय. महापुराच्या गावात राहून पाण्याला नावं ठेवू नका.

गंगावेसकर: मग ऐका. वॉर्साचा जुना चौक १९५३ ला खुला झाला. दर्शनी बाजू जुनी, आत राहती घरं. नळासकट.

रंकाळाकाठी: बरं बाबा, नळ होते म्हणताय तर मान्य. एवढं पहिल्याच पोस्टीत लिहिलं असतं तर माझा रविवार वाचला असता.

वाडेवाला: तिसऱ्या मजल्याला लिफ्ट असणार की.

मंगळवारपेठी: आहे. विजेचं बिल मालक भरत नाहीत, म्हणून बंद.