झुरिक: आई-बाबांना उटलीबर्ग झेपेल का?

मुक्ता: ऑक्टोबरअखेर आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे येताहेत. आईला रोज टेकडीची सवय आहे, बाबांचा मात्र उजवा गुडघा उतरताना दुखतो. शहराजवळच्या उटलीबर्ग डोंगरावर दोघांना एकत्र नेता येईल का?

पायवाट: नक्की न्या. फक्त बाबांना पायथ्याच्या ट्रीमलीकडून पायी चढवू नका. ती वाट खडी आहे, शिवाय त्या दिवसांत बीचच्या झाडांची ओली पानं पायाखाली सटकतात. मुख्य स्टेशनातून एस १० लोकल पकडा, वीसेक मिनिटांत वर. हा रेल्वेमार्ग १८७५ पासूनचा आहे. उतरल्यावर माथा दहा मिनिटांवर, पण शेवटचा चढ जाणवतो, सावकाश जाऊ द्या.

माथ्यावरच्या मनोऱ्याचे जिने बाबांनी सोडले तरी चालेल. खालच्या गच्चीवरूनही तळं, शहर आणि हवा स्वच्छ असली तर बर्फाचे डोंगर दिसतात.

खरी मजा पुढे आहे! स्टेशनजवळून फेल्सेनेगपर्यंत डोंगराच्या कण्यावरून ‘ग्रहांची वाट’ जाते, साधारण दोन तासांची. वाटेवर सूर्य आणि ग्रहांच्या प्रतिकृती आहेत, एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर या प्रमाणात. सूर्य जवळजवळ १.४ मीटरचा, आणि पृथ्वी त्याच्यापासून दीडशे मीटरवर, जेमतेम सव्वा सेंटिमीटरची. गुरूपर्यंत गप्पांत पोचतो, शनीनंतर मात्र चालतच राहायचं. नेपच्यून साडेचार किलोमीटरवर! माझ्या सासऱ्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. पृथ्वीच्या त्या मण्यापुढून ते हलेचनात. शेवटी फेल्सेनेगहून केबलकारने आदलिसविलला उतरायचं, म्हणजे गुडघ्याला मोठा उतार नाही. तिथून एस ४ ने परत.

रानवारा: धुक्याचं बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शहरावर राखाडी छत असतं आणि कधी कधी माथ्यावर लख्ख ऊन. पण धुक्याचा थर जाड असला तर माथाही त्यातच बुडतो. निघण्याआधी वरच्या वेबकॅमवर नजर टाका. आणि केबलकार अधूनमधून देखभालीसाठी बंद असते, तेही तपासा. नाहीतर फेल्सेनेगहून खाली पायीच उतरावं लागेल आणि बाबांचे हाल होतील.

मुक्ता: खूप आभार दोघांचे. आई म्हणते, ती आणि माझा भाऊ ट्रीमलीहून चढणार. बाबा आणि मी रेल्वेने जाऊ.

पायवाट: छान! आईला चांगल्या पकडीचे बूट घालायला सांगा. आणि भेटायचं वरच्या स्टेशनावरच ठरवा, म्हणजे बाबांना बाकावर बसता येईल.