गेमिंग संगणक : तयार घ्यावा की सुटे भाग घेऊन जोडावा?

चौकस

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ज्याला पुढची चार-पाच वर्षे गेम खेळण्यासाठी संगणक हवा आहे आणि ज्याची ८० हजार ते १ लाख रुपये खर्च करण्याची तयारी आहे, त्याने सुटे भाग स्वतः निवडावेत. जोडणी स्वतः करावी किंवा दुकानदाराकडून करून घ्यावी, पण निवड आपली असावी. पैसे वाचतात म्हणून मी हे म्हणत नाही, कारण किमतीतली तफावत आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. माझा आक्षेप असा आहे की तयार संगणकाच्या जाहिरातीत प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) एवढीच नावे ठळक छापलेली असतात आणि सगळी काटकसर न छापलेल्या भागांत होते.

ग्राफिक कार्डाचेच पाहा. एनव्हिडिया कंपनीचे, २०२५ साली आलेले आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळते. जाहिरातीत नुसते ‘५०६० टीआय’ लिहिले असेल, तर यांतले कोणते हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि नव्या गेममध्ये टेक्स्चरची (दृश्यातल्या पृष्ठभागांच्या बारकाव्यांची) पातळी वाढवली की ८ जीबी मेमरी अपुरी पडू लागते. रॅमबाबतही तेच घडते. १६ जीबी म्हणून एकच पट्टी बसवलेली असते. ८-८ च्या दोन पट्ट्या असत्या तर प्रोसेसरला मेमरीचे दोन्ही चॅनल, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याचे मार्ग, मिळाले असते.

सर्वांत गंभीर बाब एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाची आहे. हा भाग बिघडताना मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो बोर्ड) आणि ग्राफिक कार्ड यांचेही नुकसान करू शकतो, तरीही तयार संगणकाच्या माहितीपत्रकात त्याच्याबद्दल बहुधा ‘५०० वॅट’ एवढेच लिहिलेले असते. कंपनी कोणती, मॉडेल कोणते, वॉरंटी किती वर्षांची, याचा पत्ता नसतो. ‘८० प्लस’चे चिन्ह पाहून निश्चिंत होणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ते चिन्ह विजेच्या वापरातली कार्यक्षमता सांगते, जादा दाब किंवा शॉर्टसर्किट यांपासून किती संरक्षण मिळेल, हे ते सांगत नाही.

परभणीकर

चौकस, तुमचे एसएमपीएसबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. तुमचे सगळे विवेचन मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली हे संगणकाचे बाजार हाकेच्या अंतरावर असणाऱ्या ग्राहकाला धरून आहे. आमच्याकडे सुटे भाग ऑनलाइन मागवावे लागतात, तेही अनेकदा वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून, आणि खरी परीक्षा संगणक बंद पडतो त्या दिवशी होते.

समजा, बटण दाबल्यावर पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही. दोष रॅममध्ये आहे, मदरबोर्डमध्ये, प्रोसेसरमध्ये की एसएमपीएसमध्ये? हे ठरवायला चालू स्थितीतला दुसरा भाग हाताशी लागतो. तो घरी कोणाकडे असतो? मग आधी भाग ओळखायचा, नंतर त्या कंपनीचे सेवा केंद्र शोधायचे आणि ते छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला असेल तर कुरिअरने पाठवून वाट पाहायची. त्यातही सॉकेटमधली (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेतली) एखादी पिन वाकलेली आढळली तर मदरबोर्डची वॉरंटी नाकारली जाते. तयार संगणकाला घरपोच सेवेची वॉरंटी घेतली असेल, तर दोष कुठे आहे हे शोधण्याची जबाबदारीच माझी राहत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलाच्या पालकांना याचे मोल अधिक वाटते, आणि ते रास्तच आहे.

दुसरा मुद्दा बाजारभावाचा. डेटा सेंटरांकडून मेमरीची मागणी वाढली आणि २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. सुटी रॅम घेणाऱ्याला ही वाढ लगेच सोसावी लागते. मोठ्या उत्पादकाने आधीच्या भावात माल घेऊन ठेवलेला असेल, तर त्याचा तयार संगणक काही काळ स्वस्त पडतो. २०२१ मध्ये ग्राफिक कार्डांची टंचाई होती तेव्हाही अनेकांना वाजवी भावात कार्ड मिळवण्याचा मार्ग तयार संगणकातूनच सापडला होता.

जुना ग्राहक

परभणीकर यांचा दुरुस्तीचा मुद्दा वजनदार आहे, पण मुदतीचा विचार त्यांच्या मांडणीतून निसटला आहे. तयार संगणकाची मूळ वॉरंटी बहुतेक वेळा एका वर्षाची असते आणि पुढची वर्षे पैसे भरून वाढवावी लागतात. सुट्या प्रोसेसरला आणि ग्राफिक कार्डाला साधारण तीन वर्षे मिळतात, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा, आणि रॅमला तर बहुतेक कंपन्या आजीवन हमी देतात.

शिवाय काही मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत मदरबोर्ड आणि एसएमपीएस नेहमीच्या, म्हणजे एटीएक्स या प्रमाण मापाचे नसतात. असा एसएमपीएस वॉरंटी संपल्यावर जळाला, तर बाजारातला दुसरा त्यात बसत नाही आणि कंपनी सांगेल त्या किमतीला तोच घ्यावा लागतो.

परभणीकर

भाग बदलण्याच्या स्वातंत्र्याचे नेहमी कौतुक होते, पण प्रत्यक्षात किती जण ते वापरतात? इंटेलचे एलजीए १७०० सॉकेट बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चालले आणि २०२४ मध्ये नवे सॉकेट आले. चार वर्षांनी प्रोसेसर बदलायला निघालेल्या माणसाला मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि जुनी रॅम डीडीआर४ (आधीच्या पिढीची) असेल तर तीही. मग उरते काय? कॅबिनेट आणि एसएमपीएस.

चौकस

इंटेलबाबत तुमचे बरोबर आहे. म्हणूनच सॉकेट पाहून मदरबोर्ड निवडावा, असे मी म्हणतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे २०१७ साली घेतलेले अनेक मदरबोर्ड बायोस (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यावर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर चालवू शकले. त्या ग्राहकांनी रॅम बदलली नाही, कॅबिनेट बदलले नाही आणि तरीही गेममधला वेग डोळ्यांत भरेल इतका वाढला. तयार संगणकात मदरबोर्ड कोणता आहे हेच माहीत नसेल, तर अशी संधी आहे की नाही हे कळणार कसे?

दुरुस्तीच्या अडचणीवर मात्र तुमचे म्हणणे मला पटले आहे. जिथे सेवा केंद्र दूर आहे आणि घरात जाणकार कोणी नाही, तिथे एकाच दुकानातून सगळे भाग घेऊन तिथेच जोडून घ्यावेत, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्यावा आणि बिघाड शोधून देण्याची जबाबदारी दुकानदार घेतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

चंद्रपूरकर

दोन्ही बाजूंनी उन्हाचा विचार केलेला नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि कूलर लावलेल्या खोलीतही हवा गरमच असते. खोली जितकी तापते तितके ग्राफिक कार्डाचे तापमानही वर चढते. पुढच्या बाजूला अखंड काच असलेली कॅबिनेट दिसायला देखणी असली तरी त्यांत हवा कडेच्या चिंचोळ्या फटीतून शिरते. समोर जाळी आणि धूळगाळणी असलेली कॅबिनेट निवडायची मुभा सुटे भाग घेणाऱ्याला मिळते, म्हणून माझे मत चौकस यांच्या बाजूने आहे.

यूपीएसचेही कोणी बोलले नाही. घरोघरी असणारा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. ५०६० टीआय एकटेच १८० वॅटपर्यंत जाते. त्यात प्रोसेसर आणि मॉनिटर मिळवले की गेम चालू असताना वीज गेल्यावर यूपीएसही जागच्या जागी बंद पडण्याची शक्यता आहे. संगणक तयार घ्या किंवा जोडून घ्या, किमान १००० व्हीएच्या यूपीएसचे पैसे आधी बाजूला काढा आणि घरातल्या प्लगला अर्थिंग आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा तिथेच असतो.

परभणीकर

अर्थिंगची सूचना मोलाची आहे. मी तयार संगणकाच्याच बाजूने आहे, परंतु एक अट आता मीही घालेन : विक्रेता एसएमपीएसची कंपनी व मॉडेल, ग्राफिक कार्डाची मेमरी आणि रॅमच्या पट्ट्यांची संख्या लेखी देत नसेल, तर तो संगणक घेऊ नये.