कीवर्ड शोधत बसणं अजून कामाचं आहे का?

खटपट्या:
सायकल दुरुस्तीवर माझी साइट आहे. सल्ला मिळाला की आधी कीवर्ड ठरवा, मग लिहा. मला हे उलटं वाटतं. पानाच्या कोडमध्ये कीवर्ड लिहायची जागा, म्हणजे मेटा कीवर्ड टॅग, शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी बघत नाही, हे गूगलनं २००९ सालीच सांगून टाकलं. २०१९ मध्ये गूगलच्या शोधात बर्ट हे भाषा समजून घेणारं मॉडेल आलं, आता वाक्याचा रोखही त्याला बराच कळतो. मग आपण शब्द का मोजायचे?

शब्दवेडी:
टॅग गेला, शब्द कुठे गेला? कीवर्ड म्हणजे अडलेला माणूस शोधताना जे टाइप करतो ते. तुमच्या लेखाचं शीर्षक सांगा बघू.

खटपट्या:
'सायकल पारेषण प्रणालीची निगा'.

शब्दवेडी:
झालं! चेन निसटलीय, हात काळे झालेत, आणि तो मोबाइलवर 'पारेषण प्रणाली' लिहिणार? तो लिहिणार 'सायकलची चेन सारखी उतरते'. सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन, त्यात क्वेरींची, म्हणजे लोकांनी टाइप केलेल्या शोधांची यादी उघडा. इम्प्रेशन (पान निकालांत दिसणं) भरपूर, क्लिक नाहीत, सरासरी स्थान बारा-पंधरा, अशा ओळी काढा. लोकांचे शब्द तिथे आयते मिळतात.

जुना खेळाडू:
ताई, घसरायला सुरुवात इथूनच होते. पंपांच्या एका साइटसाठी मीही हेच केलं. शब्द आधी शीर्षकात, मग पहिल्या परिच्छेदात, मग प्रत्येक उपशीर्षकात, शेवटी चित्रांच्या ऑल्ट मजकुरात, म्हणजे चित्राचं वर्णन करणाऱ्या कोडमधल्या ओळीतसुद्धा. वाचताना नामजप चाललाय असं वाटायचं. वर 'पंप गळतो', 'पंप ठिबकतो', 'पंपातून पाणी येतं' अशी तीन पानं केली. आज एक वर, उद्या दुसरं, टिकलं एकही नाही. अखेर तिन्हींचं एक केलं आणि उरलेल्या दोन पत्त्यांना ३०१ रीडायरेक्ट लावला, म्हणजे तिथे येणारा आपोआप त्या एका पानावर जातो.

शब्दवेडी:
हा दोष कीवर्डचा नाही हो, हावरेपणाचा आहे. तिन्ही शोधांमागची अडचण एकच, मग पानही एकच पुरे.

खटपट्या:
पण कोणता शब्द किती शोधला जातो ते दाखवणाऱ्या टूलमध्ये 'सायकल'ला शोध प्रचंड आणि तुमच्या त्या लांबलचक वाक्याला शून्य!

शब्दवेडी:
नुसतं 'सायकल' शोधणाऱ्याला विकत घ्यायचीय, चित्र हवंय की निबंध, देव जाणे. आणि टूलचा शून्य फार मनावर घेऊ नका. रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के आधी कधीच झालेले नसतात, असं गूगलच सांगत आलंय. चेन उतरलेले चारच आले तरी त्यांना तुमचंच पान हवंय.

जुना खेळाडू:
चार आले तर! शीर्षक बदललं म्हणून पान वर चढत नाही. तो शोध स्वतः करून बघा. पहिल्या दहांत सगळे व्हिडिओच असतील तर तुमचा दोन हजार शब्दांचा लेख तिथे कुठे बसणार? आणि डिरेल्युअरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) लिमिट स्क्रू, म्हणजे तो किती सरकेल ते ठरवणारा स्क्रू, कोणत्या बाजूला फिरवायचा हेच त्यात नसेल, तर आलेला माणूस आल्या पावली परत जाईल. मी अजूनही म्हणतो, आधी उत्तर लिहा, शब्द मागून येतात.

खटपट्या:
लिमिट स्क्रू आहे लेखात. सातव्या परिच्छेदात.

शब्दवेडी:
वर आणा तो.