बचावकार्यासाठी भरवशाची सुरी कोणती घ्यावी?

दूधगंगाकाठ, निपाणी तालुका

सर्वांना नमस्कार. आमच्या गावात बारा-तेरा जणांचे एक मदत पथक आहे. पावसाळ्यात दूधगंगा-वेदगंगेच्या काठी आणि एरवी महामार्गावर, विशेषतः तवंदी घाटात, अपघात झाला की अग्निशामक दल किंवा १०८ ची रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत जे करता येईल ते आम्ही करतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आले होते, तेव्हापासून दोर आणि लाइफ जॅकेट आमच्याकडे आहेत. पण कापण्याचे योग्य साधन अजून नाही.

त्याची किंमत मागच्या गळीत हंगामात कळली. घाटाच्या पायथ्याशी एक मोटार उलटली होती, चालक सीटबेल्टला उलटा लटकलेला होता आणि बेल्टचे बक्कल काही केल्या सुटत नव्हते. आमच्यातल्या एकाने शेजारच्या फडातल्या तोडणी टोळीकडून कोयता आणून पट्टा कापला. पट्टा तुटला, पण कोयत्याचे टोक त्या माणसाच्या गळ्याखाली लागले आणि आधार नसल्यामुळे तो डोक्यावर आदळला. जखम वरवरची होती आणि तो वाचला, तरी तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

आता गावकऱ्यांच्या वर्गणीतून थोडे पैसे जमले आहेत. पैसा लोकांचा असल्यामुळे चुकीची वस्तू घ्यायची नाही. सुरी घडीची घ्यावी की अखंड पात्याची, धार साधी असावी की दातेरी, पोलाद कोणते असावे, आणि चाकू, कटर, काच फोडण्याचे टोक असे सगळे एकातच असणारी साधने खरोखर उपयोगी पडतात का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निवृत्त अग्निशामक, बेळगाव

तुमच्या मित्राच्या हातून झालेली चूक माझ्यासमोर अनेकदा झाली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सुरी निवडताना आपण ती किती चांगली कापते हे आधी पाहतो. बचावाच्या सुरीबाबत मात्र अडकलेल्या माणसाला तिच्यापासून इजा होणार नाही ना, हे पहिल्यांदा पाहावे लागते. यासाठी तिचे टोक बोथट हवे. पात्याची पाठ पुढे गोलाकार उतरत धारेला मिळते अशा आकाराची सुरी कपड्याखाली किंवा दोराखाली सरकवली तरी अंगात रुतत नाही. टोकदार, काळ्या रंगाच्या, लढाईच्या वाटाव्यात अशा ज्या सुऱ्या 'रेस्क्यू' या नावाने विकल्या जातात, त्या या एकाच कसोटीवर बाद होतात.

सीटबेल्टसाठी तर उघडे पाते वापरूच नये. त्यासाठी आकडीचा कटर असतो. त्यात धार आकडीच्या आत लपलेली असते आणि खाचेत फक्त पट्टा शिरतो. पट्टा ताणून धरावा, कटर तिरका लावावा आणि एका झटक्यात ओढावा. करवतीसारखा मागेपुढे केला तर पट्ट्याचे धागे खाचेत गुंततात. दाराच्या मधल्या खांबाजवळ, जिथून पट्टा बाहेर येतो, तिथे कापू नये, कारण पट्टा आवळणारी यंत्रणा आणि काही गाड्यांत एअरबॅगचे भाग तिथेच असतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतल्या नारिंगी वायरींना कोणतेही पाते लावू नये.

काचेविषयी लोकांचा मोठा गैरसमज आहे. बाजूच्या काचा बहुधा टेम्पर्ड असतात आणि कोपऱ्याजवळ कठीण टोकाचा घाव बसला की त्यांचा चुरा होतो. समोरची काच लॅमिनेटेड असते. तिच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असल्यामुळे ती तडकते, पण सुटत नाही, आणि तिथे करवतच लागते. अलीकडे काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात. अमेरिकेतील ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ साली काच फोडण्याची सहा साधने तपासली, तेव्हा चार साधनांनी टेम्पर्ड काच फोडली, पण लॅमिनेटेड काच एकालाही फोडता आली नाही. त्याच चाचणीत हातोडीच्या साधनांपेक्षा स्प्रिंगची, म्हणजे काचेवर दाबताच आतल्या स्प्रिंगने टोक आदळवणारी, साधने अधिक प्रभावी ठरली. पाण्यात बुडालेल्या गाडीत तर हात जोराने फिरवताच येत नाही, त्यामुळे तुमच्या भागासाठी स्प्रिंगचेच घ्यावे. काचेच्या कोपऱ्यावर तिचा प्रकार बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो वाचायची सवय पथकातल्या प्रत्येकाला लावा.

सगळे एकात असलेल्या साधनांपैकी व्हिक्टोरिनॉक्सचे रेस्क्यू टूल मी स्वतः वापरले आहे. त्यात पट्ट्याचा कटर, काच फोडण्याचे टोक आणि लॅमिनेटेड काचेची करवत आहे, हे तिन्ही भाग झिजल्यावर बदलता येतात आणि मोठे पाते एका हाताने उघडून लॉक होते. वस्तू उत्तम आहे, पण महाग आहे. प्रत्येकाला घेण्याऐवजी पथकात एक किंवा दोन ठेवावीत आणि बाकीच्यांना आकडीचा कटर व स्प्रिंगचे टोक वेगवेगळे द्यावे.

रुग्णवाहिका परिचारिका, खानापूर

काकांनी साधनाचे सगळे सांगितले आहे, मी माणसाचे सांगते. पट्टा कापण्यापूर्वी बक्कलचे बटण जोरात दाबून पाहावे. बक्कलवर माणसाचे वजन आले असेल तर एकाने त्याला किंचित उचलून धरावे, पुष्कळदा बक्कल तेवढ्याने सुटते. माणूस उलटा लटकलेला असेल तर दोघांनी त्याचे खांदे आणि कंबर पेलल्याशिवाय आणि तिसऱ्याने डोके व मान सरळ धरल्याशिवाय पट्ट्याला हात लावू नये. गाडीला आग लागली असेल किंवा पाणी चढत असेल, तर गोष्ट वेगळी. पट्टा कापायला दोन सेकंद लागतात, पण त्यानंतर मानेवर पडणारा भार कोणालाच परत घेता येत नाही, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

दुसरे असे की रस्त्यावरच्या अपघातात सुरीपेक्षा ट्रॉमा कात्री कितीतरी जास्त वापरली जाते. तिच्या खालच्या पात्याला चपटे, बोथट टोक असते, ती जीन्स, चामडी पट्टा, साडी, मोटारसायकलच्या चाकात गुंतलेली ओढणी हे सगळे कापते आणि कातडीला लागत नाही. ती स्वस्तही मिळते. वर्गणीचे पैसे आधी यावर खर्च करावेत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

कृष्णाकाठ, चिकोडी तालुका

ताईंचे म्हणणे रस्त्यापुरते बरोबर आहे, पण नदीत कात्रीने भागत नाही. वाहत्या पाण्यात ज्याच्या अंगाला दोर आहे त्याच्याकडे सुरी असलीच पाहिजे, कारण दोर झाडाला किंवा पुलाच्या खांबाला अडकला तर पाण्याचा रेटा माणसाला खाली दाबतो. शिवाय पुरात वाहून आलेली मासेमारीची जाळी पायात आणि बोटीच्या पंख्यात गुंततात. ही सुरी अखंड पात्याची, बोथट टोकाची आणि लाइफ जॅकेटच्या छातीवर घट्ट म्यानात बसणारी असावी. गारठलेल्या हातांनी घडी उघडत बसता येत नाही. तिला लांब दोरी बांधू नये, ती दोरीच कुठेतरी अडकते. नायलॉनच्या ओल्या दोरावर आणि जाळ्यावर दातेरी धार चांगली चालते, म्हणून अर्धी साधी व अर्धी दातेरी धार मला सर्वांत सोयीची वाटते. मूठ पिवळी किंवा नारिंगी घ्यावी. काळी सुरी गाळात पडली की सापडत नाही.

पिढीजात लोहार, हुक्केरी तालुका

पोलादाबद्दल थोडेसे. आमच्याकडे गाडीच्या पाट्याचे कोयते आणि विळे होतात, आणि झाडे तोडून वाट मोकळी करायला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. मात्र ते पोलाद ओलीत चार दिवसांत गंजते, म्हणून पाण्यावरच्या सुरीसाठी ते मी स्वतः कोणाला देणार नाही. डी-टू नावाच्या पोलादाची हल्ली फार जाहिरात होते. ते धार पुष्कळ दिवस धरते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही आणि अतिकठीण केले तर लोखंडावर आदळून त्याची कपची उडते. बचावाच्या सुरीला साधारण ५५ ते ५८ रॉकवेल कठीणपणाचे साधे स्टेनलेस पुरे आहे. ती लवकर बोथट होते, पण निसण्यावर पाच मिनिटांत पुन्हा धार येते. दातेरी भागाला सपाट निसणा चालत नाही, त्यासाठी बारीक गोल कानस किंवा निमुळता दगड लागतो, तो सोबतच घ्यावा.

एक जास्तीची सूचना करतो. उसाच्या ट्रॉलीखाली कोणी सापडले तर तिथे बहुतेक वेळा तारेचा दोर असतो. त्यावर सुरी चालवून ती खराब करू नये, बोल्ट कटर वेगळा ठेवावा.

दूधगंगाकाठ, निपाणी तालुका

काका, ताई, आणि आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आम्ही सहा ट्रॉमा कात्र्या, सहा आकडीचे कटर, स्प्रिंगची तीन टोके, नदीवर उतरणाऱ्या चौघांसाठी बोथट टोकाच्या अखंड सुऱ्या आणि एक बोल्ट कटर असे ठरवले आहे. नमुन्यादाखल दोन कंपन्यांचे कटर मागवून काल भंगारवाल्याकडच्या जुन्या सीटबेल्टवर, ओले हातमोजे घालून, प्रत्येकाने दहा-दहा वेळा वापरून पाहिले. एका कटरची खाच इतकी अरुंद निघाली की दुमडलेला पट्टा आत शिरलाच नाही, तर दुसऱ्याची मूठ हातमोज्यात घसरत होती. तिला आम्ही सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि ती घट्ट बसली. अरुंद खाचेचा कटर परत पाठवत आहोत. पिशवीवर आतल्या वस्तूंची नावे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहिणार आहोत, म्हणजे घाटात मदतीला धावून आलेल्या कोणालाही ती उघडता येईल.

ताईंना एक विनंती आहे. उलटा लटकलेला माणूस तिघांनी कसा पेलायचा, हे एखाद्या रविवारी आमच्या गावी येऊन दाखवता का? येण्या-जाण्याची सोय आम्ही करू.

रुग्णवाहिका परिचारिका, खानापूर

अवश्य येईन. भंगारवाल्याकडून दारे उघडणारी एक मोटार मिळत असेल तर ती मागवून ठेवा, आणि पथकातले सर्वांत वजनदार गृहस्थ त्या दिवशी हजर राहतील असे पाहा.