सातपुड्याच्या टेकडीवर कलमं लावायची की बियाणं? (चर्चा)

तापीकाठचा:
राम राम मंडळी. चोपड्याकडच्या एका गावात पायथ्याची उघडी टेकडी देशी झाडांनी भरायचं ठरतंय. पैसा जमलाय, खड्डेही होतील. वाद अडलाय रोपांवर. देवस्थानाजवळ सालईचं एक जुनं, डेरेदार झाड आहे, शेजारी दोन-तीन अंजन. बहुतेकांचं म्हणणं असं की याच झाडांच्या फांद्या तोडून छाट कलमं करू, दोन-तीन पावसाळ्यांत टेकडी हिरवी दिसेल.

माझा याला विरोध आहे. फांदीपासून केलेलं रोप म्हणजे तेच झाड, फक्त दुसऱ्या जागी. शंभर फांद्या लावल्या तरी झाड एकच. त्यात सालईची खोड अशी की स्वतःच्या परागानं तिला बी धरत नाही, दुसऱ्या सालईचा पराग लागतो. म्हणजे एका झाडाच्या कलमांनी भरलेली टेकडी फुलेल, मधमाश्याही येतील, पण बी जवळपास धरणार नाही. ही कलमं म्हातारी झाली की परत फांद्या तोडायला जायचं. याला संवर्धन कसं म्हणायचं?

अंजनाचं तर बोलायलाच नको. जुन्या अंजनाच्या फांदीला मुळं फुटणं महाकठीण. बियाणाचं रोप पहिली काही वर्षं वरून वाळल्यासारखं दिसतं, पण खाली सोटमूळ सरळ पाताळात घुसत असतं. जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तेच त्याला जगवतं. बियाणं गोळा करा, उशीर लागला तर लागू द्या.

नर्सरीवाला, शिरपूर:
बोलायला सोपं आहे, साहेब. सालईचं बी हातात घेऊन बघितलंय का कधी? निम्म्याहून जास्त पोकळ. जे भरतं त्यातलंही थोडंच उगवतं, आणि उगवलेलं रोप पहिल्या उन्हाळ्यात जातं. म्हणून तर सालई लावायची रीत फांदीची आहे. मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंच फांदी पावसाच्या तोंडाशी रोवायची. शेमट, पांगारा, वड, उंबर, सगळे असेच लागतात. शेताच्या बांधावर रोवलेले पांगाऱ्याचे खुंट पालवतात हे कोणाला ठाऊक नाही?

आणि निसर्ग स्वतः कलमं करत नाही असं कोण म्हणतं? टेंभुर्णी, म्हणजे तेंदू, बघा. तेंदूपत्त्यासाठी झाडोरा छाटला की मुळांतून फुटवे येतात, नि जमिनीवर वीस झुडपं दिसली तरी खाली मूळ एकच असू शकतं. पळसाचंही तेच. सालईलाही मुळांतून फुटवे येतात. सातपुड्यात वणवा आणि कुऱ्हाड सोसून जे टिकलं, त्यातलं बरंचसं फुटव्यांवरच टिकलंय.

सोटमुळाचं मान्य. पण सालई खडकाच्या फटीत, उथळ मातीत उभी राहणारी आहे. अंजनाचा नियम तिला लावू नका.

केळीबाग_रावेर:
माझं मत तापीकाठच्यांच्या बाजूनं, आणि कारण आमच्या बागेतलं आहे. आम्ही पिढ्यान् पिढ्या कंद लावले, आता टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, जी-९ लावतो; ही कॅव्हेन्डिश गटातली केळी. अख्ख्या पट्ट्यात एकच झाड, लाखो वेळा. घड एकसारखा, माल एकाच वेळी तयार, व्यापारी खूश. पण सीएमव्ही, म्हणजे काकडीवरचा मोझॅक व्हायरस, शिरला की सगळ्या बागेचा नंबर लागतो, कारण एका झाडात जो कमकुवतपणा तोच सगळ्यांत. जगात आधी ग्रोस मिशेल जातीची केळी होती, ती पनामा मर रोगानं व्यापारातून गेली. तिच्या जागी कॅव्हेन्डिश आली, आता तिच्याही मागे मर रोगाचा नवा प्रकार लागलाय.

फरक एवढाच की बाग गेली तर मी उपटून नवीन रोपं आणतो. सालईची टेकडी उपटून नवीन कुठून आणणार?

भो_अमळनेर:
तापीकाठचा भाऊ, बात तुमनी खरी शे. पण तुम्ही बियाणं गोळा करता करता टेकडीवर सोलर लागी जाई. 😄

धडगावची बाई:
तुमची सगळी चर्चा सालई-अंजनावर. मोहाचं कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. मोहाचं बी ताजंच पेरावं लागतं, पावसाळ्यात पडलं की काही आठवड्यांत त्याची उगवण जाते. साठवून ठेवू म्हटलं तर ठेवता येत नाही. आणि बियाचं झाड फुलाला यायला आठ-दहा वर्षं, कधी जास्तही. आमच्या पाड्यातल्या बायकांना कोणत्या मोहाचं फूल गोड, कोणतं लवकर पडतं, हे झाडागणिक माहीत आहे. त्या झाडाची काडी घेऊन बियाच्या रोपावर मृदुकाष्ठ कलम केलं तर मूळ बियाचंच राहतं, सोटमुळासकट, आणि फुलं लवकर येतात. झाड पदरात काही टाकत असेल तर लोक त्याला राखतात. नाहीतर वनहक्काचा दावा मंजूर झाला तरी मोह तोडून ज्वारी पेरणारे आहेतच.

तेव्हा कलम म्हणजे सरसकट वाईट असं नका म्हणू, भाऊ. कशावर आणि कशाचं, ते विचारा.

तापीकाठचा:
ताई, मोहाच्या कलमाला माझा विरोध नाही. तुमचं खुंट, म्हणजे कलमाखालचं रोप, बियाचं आहे, आणि तुमच्या बायकांनी निवडलेली झाडं एक नाही, अनेक आहेत. हाच तर माझा मुद्दा आहे.

नर्सरीवाले, टेंभुर्णीला फुटवे येतात हे खरं. पण तिच्यात नर आणि मादी झाडं वेगळी. फुटवे कितीही येऊ द्या, सगळे नराचे असले तर फळ शून्य. याचं टोकाचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. वुड्स सायकॅड नावाची वनस्पती १८९५ मध्ये सापडली, एकच नर झाड. आज जगभरच्या बागांत तिची रोपं आहेत, सगळी त्याच नराची. मादी अजून कोणाला सापडलेली नाही. जिवंत आहे, पण तिचं कुळ पुढे सरकत नाही.

नर्सरीवाला, शिरपूर:
मग दुसरं उदाहरणही सांगा की. मॉरिशसजवळच्या रॉड्रिग्ज बेटावर कॅफे मारॉन नावाचं झुडूप संपलं असं धरलं होतं. १९८० मध्ये एक झाड सापडलं. १९८६ मध्ये त्याच्या काड्या लंडनच्या क्यू बागेत नेल्या, मुळं फुटली, वर्षानुवर्षं नुसती फुलं. शेवटी २००३ मध्ये बी धरलं. काडी नेलीच नसती तर बियाची वाट बघायला झाड कुठून असतं?

आणि दर वेळी मलाच का ऐकवता? मी पिशव्या भरतो. गिऱ्हाईक म्हणतं पाच हजार रोपं जूनपर्यंत हवीत. 'वेगवेगळ्या झाडांचं आण' असं आजवर एकानंही सांगितलं नाही, आणि त्याचे जास्तीचे पैसेही कोणी दिले नाहीत.

पालचा_भटक्या:
दोघंही एकाच ठिकाणी पोचलात, फक्त भांडत पोचलात. वनखात्याच्या सागाच्या बियाणे बागा माहीत आहेत का? निवडक सागांची कलमं करतात, पण एका झाडाची सगळी एकत्र नाही. वेगवेगळ्या झाडांची मिसळून लावतात, म्हणजे पराग एकमेकांना लागतो आणि बी चांगलं भरतं. सालईचं तसंच करा. बी पोकळ निघतं याला एक कारण हेही असणार की आता झाडं विरळ, एकेकटी उरलीत. यावल अभयारण्याच्या बाहेरच्या धारांवर अजून सालई आहे. दहा-पंधरा वेगळ्या झाडांच्या काड्या घ्या, मात्र एकमेकांना लागून असलेल्या घेऊ नका, नाहीतर फुटवेच हाती लागतील. प्रत्येकीला रंगाची खूण करा आणि टेकडीवर सरमिसळ लावा.

केळीबाग_रावेर:
हे पटलं. पण खुणा टिकतात का? आमच्या बागेत ठिबकच्या नळीवरचा रंग वर्षात उडतो.

पालचा_भटक्या:
ॲल्युमिनियमची पट्टी, खिळ्यानं कोरलेली. स्वस्त पडते. गुरं खात नाहीत. 😀

तापीकाठचा:
सालईपुरतं मी तयार आहे. पण देवस्थानच्या झाडाच्या काड्या एकूण लागवडीत इतरांइतक्याच. ते झाड मोठं आहे म्हणून त्याचा वाटा मोठा, असं चालणार नाही. अंजनाला कलम नाहीच. त्याला दर वर्षी सारखं बी येत नाही, तीन-चार वर्षांतून एकदा भरघोस येतं, तेव्हा चैत्र-वैशाखात शेंगा झाडाखालून वेचून घ्यायच्या आणि शक्यतो थेट जागेवर पेरायच्या. पिशवीत मूळ वेटाळतं.

नर्सरीवाला, शिरपूर:
थेट पेरलं तर उंदीर आणि बकऱ्या. कुंपणाचा खर्च धरलाय का?

तापीकाठचा:
नाही धरला. काट्यांचं करू.

नर्सरीवाला, शिरपूर:
मग बाभळीच्या काट्या आत्तापासून जमवा. सालईच्या काड्या झाड निष्पर्ण असताना, नवी पालवी फुटायच्या आधी काढायच्या, कापलेल्या टोकाचा चीक वाळू द्यायचा, सावलीत ठेवायच्या. आणि वनजमिनीवरच्या झाडाला हात लावायच्या आधी रेंज ऑफिसचं लेखी पत्र. ते कोण आणणार, ते आधी ठरवा.