सोसणाऱ्यालाच चांगला कर्मचारी का म्हणावे?

वेर्ण्याचा केमिस्ट:
वरिष्ठ ओरडले म्हणून नोकरी सोडणारी मुले कुठेच टिकणार नाहीत, आम्ही सोसले म्हणून घडलो, असे एका निवृत्त व्यवस्थापकांनी परवा येथे लिहिले. त्यांच्या वयाचा मान राखूनही मी याला तीव्र विरोध करतो. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात मी उत्पादन विभागात होतो. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही तरी सुरू केलेली औषधाची बॅच अर्धवट सोडता येत नाही, म्हणून हजर असलेल्यानेच दुसरी पाळी करायची, आणि थकव्यामुळे नोंदीत चूक झाली की डेव्हिएशनच्या, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या विचलनाच्या, चौकशीत ‘मानवी चूक’ असे कारण लिहून त्यालाच पुन्हा प्रशिक्षणाला बसवायचे, ही तिथली रीत होती. माणसे कमी का होती, हा प्रश्न त्या कागदावर कधीच येत नसे, कारण त्याचे उत्तर व्यवस्थापनाकडे बोट दाखवते. मशीनवरच्या कामगाराला जादा कामाचे दुप्पट वेतन मिळे; आम्हाला ‘ऑफिसर’, म्हणजे पर्यवेक्षक, ठरवून ते नाकारले जाई. पर्यवेक्षकाचा पगार दरमहा १०,००० रुपयांवर गेला की १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण संपत असे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा १८,००० केली, पण त्यात आज किती पर्यवेक्षक बसतात?

निवृत्त व्यवस्थापक, फोंडा:
मी शिवीगाळीचे समर्थन केलेले नाही. निर्यातीची तारीख चुकली तर ग्राहक जातो, आणि त्याचा जाब मलाच द्यावा लागे. २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्यावर खनिज वाहणारे आमच्या घरचे ट्रक दारात उभे राहिले, तेव्हा नोकरीची किंमत मला कळली. आपल्या मुलांना मात्र सरकारी नोकरीच हवी असते.

डिचोलीची वाचक:
सरकारी नोकरीचा विषय आपण काढलात, म्हणून मुले खासगी नोकरीला का कंटाळतात ते लिहिते. माझ्या भावाने चवथीला (गणेश चतुर्थीला) दोन दिवस रजा मागितली, तर परराज्यातून आलेल्या त्याच्या साहेबांनी सर्वांसमोर त्याला आळशी म्हटले आणि अप्रेझलमध्ये (कामाच्या वार्षिक मूल्यमापनात) तसाच शेरा मारला. गोव्यातल्या कारखान्यासाठी मुलाखती गोव्याबाहेर घ्यायच्या आणि वर गोमंतकीय टिकत नाहीत असे म्हणायचे, हा अन्याय आहे.

एचआर, म्हापसा:
आपला राग मी समजू शकते, पण तो चुकीच्या माणसावर निघतो आहे. बाहेरून आलेला मुलगा भाड्याच्या खोलीत राहतो आणि गावी पैसे पाठवतो, त्यामुळे दुसरी पाळी नाकारणे त्याला परवडत नाही. त्याचा हा नाइलाज वाईट व्यवस्थापकाला निष्ठा वाटतो. भरतीच्या वेळी असाच उमेदवार पाहा, असे मला तोंडी सांगण्यात आले आहे.

डिचोलीची वाचक:
म्हणजे आमच्या मुलांना घर जवळ असण्याची शिक्षा मिळते, हे आपणच मान्य करता! मग हे आपण त्या वेळी लेखी का कळवले नाहीत?

एचआर, म्हापसा:
मीही तिथे पगारावरच होते, ताई.

वकील, पणजी:
मूळ मुद्द्याकडे येऊ या. केवळ ‘ऑफिसर’ या पदनामाने संरक्षण जात नाही. न्यायालये प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहतात. दिवसभर स्वतःच चाचण्या करणारा आणि हाताखाली कोणी नसलेला केमिस्ट पर्यवेक्षक ठरेलच असे नाही. पाळ्यांच्या नोंदी जपून पणजीतील पाटोच्या श्रमशक्ती भवनात जाऊन कामगार आयुक्तांकडे तक्रार करावी.

वेर्ण्याचा केमिस्ट:
कायद्याचा मुद्दा मान्य आहे, पण नोकरीत असताना तक्रार करणाऱ्याचे रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र) अडवले, तर पुढची कंपनी त्याला दारात उभे करत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी अधिक असतो. हे सोसून कोणी घडत नाही. व्यवस्थापक साहेब, चौकशीच्या नमुन्यात त्या पाळीला किती माणसे हवी होती आणि किती हजर होती, एवढा एक रकाना घाला, असे आपल्या जुन्या सहकाऱ्यांना आपण सांगाल का?

निवृत्त व्यवस्थापक, फोंडा:
लागोपाठ दोन पाळ्या देणे चूक आहे, हे मी मान्य करतो, आणि त्या रकान्याबद्दल सांगेनही. सरकारी नोकरीविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही.